छडीचा प्रसाद

एकोजी रावच्या पाठीवर डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरका वळ उठला होता, आणि त्या वळाचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या लग्नाचाही नव्हता. वळ केव्हाच मावळला. फोटो मात्र राहिला. एग्मोरच्या एका सभागृहातलं व्यासपीठ, त्यावर छडी उगारून उभे असलेले पक्षाध्यक्ष कदंबवनन, आणि पुढ्यात वाकलेला एकोजी. चेहऱ्यावर हसू असं की बघणाऱ्याला वाटावं, याला शाल पांघरताहेत. हा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून तो घरी घेऊन आला तेव्हा जयंतीने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो दर्शनी खोलीत लावू दिला नाही. सासूसासऱ्यांच्या तसबिरींशेजारी नवरा मार खातानाचा फोटो लावायला माझी ना नाही, ती म्हणाली, पण आल्यागेल्याने विचारलं तर मी काय सांगू? शेवटी फोटो न्हाणीघराच्या दारामागे गेला. एकोजीला तेही चाललं. रोज सकाळी अंघोळीला जाताना तो स्वतःचा मार पाहायचा आणि खूश होऊन अंगावर पाणी घ्यायचा.

हसू नका. त्या पक्षात माराला फार मान होता.

कदंबवनन पूर्वी खरोखरीचे हेडमास्टर होते, आणि सगळा मद्रास त्यांना हेडमास्टर म्हणूनच ओळखायचा. त्यांच्या शाळेत अशी श्रद्धा होती की ज्याला हेडमास्टरांची छडी बसली तो पोरगा पास होणारच. पोरं परीक्षेच्या आधी मुद्दाम खोड्या काढायची, आईबापच पाठवायचे म्हणा ना. पुढे निवृत्त झाल्यावर एका रेशन दुकानात तांदळात खडे सापडले म्हणून त्यांनी दुकानदाराला भर रस्त्यात फोडून काढलं. कुणीतरी ते चित्रित केलं आणि महिनाभर लोक तेच पाहत होते. म्हातारा निर्भीड होता, स्वच्छ होता, आणि लोकांना जे करावंसं वाटत होतं ते त्याने करून दाखवलं होतं. त्यातून नेर्मै कळगम हा पक्ष निघाला. नेर्मै म्हणजे सचोटी. निशाणी पाटी. पहिल्या निवडणुकीत चार चांगल्या जागा आल्या, आणि पेपरवाले लिहू लागले की हा पक्ष पुढेमागे राज्य करणार.

पण रेशन दुकानदार रोज थोडाच सापडतो? हाताला सवय लागलेली, छडी सोबतच असायची. मग ती पक्षातल्याच माणसांवर चालू लागली. सतरंजी वाकडी घातली, हाण. हार उशिरा आणला, हाण. एकोजीने भाषणात पूर्णविरामाच्या आधीच टाळी वाजवली, म्हणून त्याला बोलावून पाठीत ओढली. आणि शाळेतली जुनी श्रद्धा शाळेतून पक्षात आली. ज्याला छडी बसली तो पास, म्हणजे त्याला पद. एकोजीला आठवड्याच्या आत सैदापेटच्या वॉर्डाचा चिटणीस केलं, तेव्हा तर कुणाला शंकाच उरली नाही. सभेला पुढच्या रांगेत बसण्यासाठी मारामारी व्हायची, कारण छडी पुढच्या रांगेपर्यंतच पोचायची. माणसं पोटऱ्यांवरचे वळ दाखवायला धोतर वर खोचून हिंडायची. इतकी शहाणीसुरती, पोराबाळांची माणसं. त्यांची कीव करावी की त्यांना धरून हलवावं ते कळत नाही.

आता ज्याला वरून मिळतं तो ते खाली देतोच. जिल्ह्याच्या चिटणिसांनी छड्या घेतल्या, मग वॉर्डाच्या, मग बूथवाल्यांनी. एकोजीनेही घेतली, तेल पाजून गुळगुळीत केली. खरं सांगायचं तर तो मुळात मारकुटा माणूस नव्हता. एग्मोर स्टेशनजवळ पार्सलच्या कंपनीत कारकून होता, आणि संध्याकाळभर लोकांची कामं करत हिंडायचा. कुणाचा जन्मदाखला, कुणाच्या म्हातारीचं पेन्शन, कुणाच्या नळाला पाणी नाही. तंजावरहून पणजोबाच्या काळात आलेलं मराठी घर, तामिळ तर घरच्याहून गोड बोलायचा. सगळी गल्ली त्याला 'राव अण्णन', म्हणजे राव दादा, म्हणायची. पण छडी हातात आली आणि संध्याकाळच्या कामांचा सूर बदलला. दाखला मिळवून द्यायचा, पण आधी समोरच्याला कागद नीट न आणल्याबद्दल दोन शब्द आणि टेबलावर छडीचा आवाज. एका रिक्षावाल्याने दुसऱ्या पक्षाचं चित्र काचेवर लावलं होतं, तर एकोजीच्या हाताखालच्या पोरांनी काच फोडली आणि त्याच्याच घराच्या दारात त्याचा अंगठा चेंगरला. एका इस्त्रीवाल्याने हेडमास्टरांची नक्कल केली, तर त्याच्या गाडीवरचे निखारे त्याच्याच पायांवर ओतले. एकोजी तिथे नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीवाल्याला स्वतः दवाखान्यात नेलं, मलमही आणलं, आणि परतताना समजावलं की बाबा, नक्कल करू नये. इस्त्रीवाला हो म्हणाला. लोक हो म्हणतात तेव्हा घाबरावं, एवढं एकोजीसारख्या माणसाला कळायला हवं होतं. एकेका दाखल्यावर जोडलेली माणसं अशी एकेका फटक्यासरशी तुटत होती, आणि हा न्हाणीघराच्या दारामागे बघून खूश.

मुरलीवर मात्र त्याने कधी हात उगारला नव्हता.

मुरली त्याचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा मुरली चड्डीतलं पोर होता. एकोजीने त्याला जेवू घातलं, शिकवलं, तापात मांडीवर घेऊन बसला. मुरली मोठा होऊन इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस झाला. तयार झालेला दातेरी भाग हातात घ्यायचा, डोळ्यांजवळ धरायचा आणि तडा आहे का बघायचा, हे त्याचं काम. भावाच्या राजकारणावर तो हसायचा, पण भावासाठी बूथवर बसायचा. गल्लीला तो भावापेक्षाही लाडका. एकदा बूथच्या बैठकीला तो उशिरा आला, कंपनीची बस अडकली होती. बाकीची माणसं बघत होती, उशिरा येणाऱ्याला छडी असा नियम होता, आणि भाऊ म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको. एकोजीने त्याच्या पोटरीवर छडी ओढली. हलकी ओढायची होती, जोरात बसली. मुरली एका पायावर नाचला आणि डोळ्यांत पाणी असताना हसून म्हणाला, "सेरि, बरं अण्णा, मार तर खाल्ला. आता मज कोण्तं पद?" सगळे हसले. एकोजीही हसला आणि त्याला तिथल्या तिथे बूथप्रमुख केलं.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणात जयंतीने एकोजीला वाढलं आणि मग एकच वाक्य बोलली. "ज्या हातानं त्यास भरवला तो हा हात नव्हे." एकोजी जेवला नाही. पण छडीही टाकली नाही.

मग महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि सैदापेटच्या वॉर्डातून एकोजीला तिकीट मिळालं. आयुष्यभर त्याने हेच मागितलं होतं. नगरसेवक एकोजी राव. आणि जिंकण्यासारखी जागा होती ती, सगळे म्हणत होते. निखाऱ्यांची आठवण लोक अजून गिळून होते, कारण दाखल्यांची आठवण मोठी होती. त्यात मुरली दारोदार हिंडत होता. भावाचं काय चुकलं ते तो कबूल करायचा, माफी मागायचा, आणि म्हणायचा की निवडून दिलंत तर छडी मी स्वतः मोडीन. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या विशालाक्षी अक्काने शब्द दिला की आमची गल्ली तुझ्या तोंडाकडे बघून पाटीला मत देईल. आणि तिचा शब्द म्हणजे गल्लीचा शब्द. एकोजीला आता एकच हवं होतं. हेडमास्टरांनी एकदा येऊन गल्लीत दोन शब्द बोलावेत.

जयंती म्हणाली, त्यांना बोलावू नका. जिल्ह्यातलाही एकजण कानात म्हणाला, बोलावू नकोस राव, जिथे जातात तिथली जागा पडते. एकोजीला राग आला. ज्यांनी मला हाताने घडवलं त्यांना मी माझ्या गल्लीत येऊ नका म्हणू?

हेडमास्टर आले. भर दुपारचं ऊन, उघड्या टपाची प्रचारगाडी, तिच्यावर हेडमास्टर, उजवीकडे हात जोडून एकोजी, डावीकडे माइक धरून मुरली. गल्लीतल्या बायका आलत्तीची ताटं घेऊन उभ्या होत्या. हळद आणि चुना कालवलेलं लाल पाणी, त्यावर पानात जळता कापूर. मोठा माणूस दारी आला की ते ताट ओवाळायचं आणि पाणी रस्त्यावर ओतून दृष्ट काढायची, हा तिथला रिवाज. विशालाक्षी अक्का सर्वांत पुढे होती.

हेडमास्टर चांगले बोलले. म्हाताऱ्याची वाणी अजून खणखणीत होती. गटारं, पाणी, शाळा, सचोटी. आणि मग हात पसरून ते गरजले की या वॉर्डात मी तुम्हाला माझा सर्वांत जवळचा माणूस दिला आहे, माझ्या हाताखाली तयार झालेला, माझा शहाजी राव.

गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं. एकोजीचे जोडलेले हात तसेच राहिले. ज्या पाठीवर स्वतःच्या हाताने छडी ओढली होती तिचं नाव म्हाताऱ्याच्या लक्षात नव्हतं. हेडमास्टर पुन्हा म्हणाले, शहाजी रावना मत द्या, आणि आता हसणारे वाढले. मग मुरलीने माइकवर हात ठेवला, खाली वाकला, आणि जे कोणाही भल्या माणसाने केलं असतं ते केलं. अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकोजी, सार."

छडी खालून वर आली. ती नेहमी वरून खाली यायची, पाठीवर, पोटरीवर, आणि त्यांच्या माणसांना तिची वाट ठाऊक होती. या वेळी म्हातारा अपमानाने इतका पेटला होता की त्याने बघितलंच नाही कुठे मारतो आहोत. छडीचं टोक मुरलीच्या डाव्या डोळ्यात गेलं. माइकमधून तो आवाज सगळ्या गल्लीला ऐकू आला, आधी ओला, मग मुरलीची किंकाळी. दुसरा फटका त्याच्या हातावर बसला, तिसरा मानेवर. मुरली गाडीच्या कठड्याशी गुडघ्यांवर कोसळला. बोटांच्या फटींतून रक्त मनगटावर, मनगटावरून कोपरावर, आणि पाटीचं चित्र छापलेल्या उपरण्यावर.

इथे एकोजीने जे केलं ते सांगताना जीभ जड होते, पण सांगायलाच हवं. त्याने माइक उचलला. पाच वर्षांची सवय होती, तीच बोलली. भावाला दंडाला धरून उभं केलं, त्याचा रक्ताने माखलेला चेहरा गल्लीकडे फिरवला आणि तामिळमध्ये ओरडला, "बघा, माझ्या भावाला हेडमास्टरांचा प्रसाद मिळाला! टाळ्या वाजवा!"

एकही टाळी वाजली नाही. कापूर जळत होते तेवढेच. एकोजीला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तो पुन्हा म्हणाला, टाळ्या वाजवा. या वेळी आवाज मध्येच फुटला, कारण दंड धरलेला हात गरम आणि चिकट झाला होता आणि त्याने पहिल्यांदा खाली पाहिलं.

विशालाक्षी अक्का पुढे आली. हेडमास्टरांना वाटलं आपल्याला ओवाळायला आली, ते छडी काखेत धरून ताठ उभे राहिले. तिने त्यांच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. मुरलीला चौघांनी गाडीवरून उतरवून रिक्षात घातलं होतं, काच फुटलेल्या त्याच रिक्षात, तीच जवळ होती. अक्काने ते ताट मुरलीवरून ओवाळलं. तीनदा डावीकडून, तीनदा उजवीकडून, ओठात पुटपुटत. मग वळली आणि लाल पाणी प्रचारगाडीच्या चाकावर ओतलं. तिच्यामागून बाकीच्या बायकांनी ओतलं. मग एकेक दार बंद झालं, आणि भर दुपारी त्या गल्लीत हेडमास्टर, एकोजी आणि चालू भोंगा एवढेच उरले.

डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, होतं नव्हतं ते सगळं केलं, पण बुबुळ फाटलं होतं. डोळा काढावा लागला. मुरली शुद्धीवर आला तेव्हा एकोजी पायाशी बसला होता. मुरलीने शिवी दिली असती, तोंडावर थुंकला असता, तर एकोजीला बरं वाटलं असतं. मुरलीने फक्त पाणी मागितलं. आणि एकोजीने पेला पुढे केला तेव्हा मुरलीचा हात पेल्याच्या अलीकडेच मिटला, रिकामा. एका डोळ्याने वस्तू किती लांब आहे ते कळत नाही, डोळा नुकताच गेलेल्याला तर नाहीच. तीनदा हात चुकला. चौथ्यांदा एकोजीने पेला त्याच्या हातात दिला आणि बाहेर येऊन भिंतीवर डोकं आपटत राहिला, तेव्हा जयंतीने त्याला धरलं नाही. ती मुरलीजवळ आत गेली. कारखान्यात तडे बघणारा माणूस आता काय बघणार? कंपनीने गोड बोलून त्याला गोदामात टाकलं, दरवाजाशी.

ते चित्रण संध्याकाळच्या आत सगळ्या राज्यात गेलं. आणि लोकांना मग आपापलं आठवलं. कुठे कुणाचं बोट मोडलं होतं, कुठे फुलांची टोपली लाथाडली होती, एका कंडक्टरला बसमधून ओढून मारलं होतं. रेशन दुकानावरची छडी ज्यांनी टाळ्या वाजवून पाहिली होती, त्यांना कळलं की ती छडी रेशन दुकानदारासाठी नव्हतीच, समोर येईल त्याच्यासाठी होती. हेडमास्टर मात्र प्रचार करतच राहिले. जिल्ह्याजिल्ह्यातून उमेदवार निरोप पाठवायचे की प्रकृती सांभाळा, इकडे ऊन फार आहे. ते हटकून जायचे.

मतदानाच्या दिवशी एकोजी यंत्रासमोर उभा राहिला. स्वतःचं नाव, शेजारी पाटी. नाव बरोबर छापलं होतं, सरकारने तरी लक्षात ठेवलं होतं. त्याचं बोट तिथवर गेलं आणि थांबलं. बाहेर बूथवर मुरलीची खुर्ची रिकामी होती. एकोजीने दुसऱ्याच कुणाचं तरी बटण दाबलं आणि बोटावरची शाई धोतराला पुसत बाहेर आला.

पक्ष झोपला. एकही जागा आली नाही. सैदापेटात तर अनामतही गेली.

मग अड्यारच्या एका मंगल कार्यालयात चिंतन बैठक झाली. आम्ही का हरलो? दर निवडणुकीनंतर हरलेला प्रत्येक पक्ष हा प्रश्न विचारतो आणि उत्तर व्यासपीठावर बसलेलं असतं. हेडमास्टर छडी घेऊन उभे होते आणि चिटणीस एकेक करून कारणं सांगत होते. यंत्रं. ऊन. जात. टीव्हीवाले. ज्याचं कारण आवडलं नाही त्याला छडी बसत होती, आणि छडी खाऊन परत जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर, विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, समाधान होतं. मग हेडमास्टर म्हणाले, ही सगळी बकवास आहे, आपल्यात फितूर आहेत, फितुरांनी उभं राहावं.

एकोजी उभा राहिला आणि चालत व्यासपीठावर गेला.

"मी फितूर," तो म्हणाला. "मी स्वतःला मत दिलं नाही. तुम्ही माझं नाव विसरलात, सार. माझ्या भावाने ते हळूच सांगितलं तर तुम्ही त्याचा डोळा घेतलात, आणि मी लोकांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. म्हणून हरलो. दुसरं कारण नाही."

पहिला फटका तोंडावर बसला, ओठ फाटला. मग खांद्यावर, कानावर, बरगड्यांवर. एकोजी खाली पडला तेव्हा सदरा पाठीवर उभा चिरला होता. म्हातारा धापा टाकत मारत राहिला, तोंडाला फेस आला तरी मारत राहिला. छडी मधोमध चिरली, तिच्या ढलप्या एकोजीच्या मांसात घुसल्या. हेडमास्टरांनी तुटकी छडी फेकली आणि हात पुढे केला. सभागृहातून सगळ्यांनी आपापल्या छड्या पुढे केल्या, माझी घ्या सार, माझी घ्या. एकानेही हात जोडले नाहीत, एकानेही मध्ये पाऊल टाकलं नाही. पाटीवर डोकं ठेवून एकोजी पडला होता, ती व्यासपीठाच्या कडेला रंगवलेली पाटी, आणि त्याला नवल वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. दुखत होतं. आजवर छडी बसली की आत काहीतरी गोड पसरायचं. आज फक्त दुखत होतं, जसं मुरलीला दुखलं असेल, इस्त्रीवाल्याला दुखलं असेल.

शेवटी म्हातारा थकून खुर्चीत बसला. घाम पुसला. मग त्याने सभागृहाकडे बघून विचारलं, याचं नाव काय?

सगळ्यांना नाव ठाऊक होतं. नाव सांगणाऱ्याचं काय होतं तेही ठाऊक होतं. शंभर माणसं छड्या हातात धरून गप्प उभी होती. हेडमास्टरांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, असू दे, जो कोण असेल तो, पण आज एवढाच एक खरं बोलला. सैदापेटच्या या माणसाला जिल्हा चिटणीस करा.

आणि टाळ्या पडल्या. कडकडून पडल्या.

दोघांनी त्याला रिक्षात घातलं. वाटेत एकाने पाठीवरच्या रक्ताकडे बघून हळूच म्हटलं की राव, नशीब लागतं हो, एवढं तर अजून कुणालाच मिळालं नव्हतं. एकोजीच्या खिशातला फोन सारखा वाजत होता, अभिनंदनासाठी. खोटं कशाला सांगू, जिल्हा चिटणीस हा शब्द ऐकला तेव्हा क्षणभर, फाटक्या पाठीसकट, त्याची छाती फुगली होती. आणि फुगली हे त्याला कळलं, तेव्हा रिक्षातच त्याला उलटी झाली.

घरी जयंतीने दार उघडलं, पाहिलं, आणि पाणी तापवायला गेली. मुरली कामावरून आलेला होता, काळा चष्मा लावून. त्याने मोठ्या भावाला पालथं निजवलं, सदरा कातरून काढला आणि ढलप्या एकेक उपटू लागला. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, चिमटा चुकत होता, ढलपीऐवजी कातडीला लागत होता. एकोजी दात आवळून पडून राहिला. फोन उशाशी वाजत होता.

शेवटची ढलपी मुरलीने बाजूला टाकली. मग खोबरेल तेलाची वाटी शेजारी ठेवत, हसण्याचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाला, "इतका मार पडला. कोण्तं पद दिल्हे, अण्णा?"

एकोजीच्या तोंडात उत्तर होतं. त्याने ते तोंडातच ठेवलं आणि उशीत तोंड खुपसलं. मुरलीने तेलासाठी हात पुढे केला, तो वाटीच्या अलीकडे जमिनीवर पडला, पुन्हा केला, पुन्हा चुकला. पालथ्या पडलेल्या एकोजीने हात लांबवून ती वाटी सरकवली आणि भावाच्या बोटांखाली आणून ठेवली.

"अण्णा," तो म्हणाला. धाकट्या भावाला अण्णा म्हणण्याची ही एकोजीची पहिलीच वेळ होती. "माझं नाव एकोजी. इतकं एकदा तू तरी घे."

मुरलीने बोटं तेलात बुडवली. नाव त्याने घेतलं नाही. पण पाठीवर हात फिरवायला सुरुवात केली, अगदी हळू, जिथे वळ नव्हते तिथून.